दौलतनं सोडलेलं पाणी

बाळकुमच्या खाडीकाठची मिठागरं कंपनीच्या हवाली करताना गावकीनं एकच बोली घातली होती. दगड फोडायला, भराव टाकायला आमची माणसं घ्यालच. पण इंजिनघर उभं राहिल्यावर आगीपाशीही आमचीच माणसं उभी करा. मुंबईच्या गिरण्यांतून आणलेली नकोत. कंपनीच्या साहेबानं मान डोलावली. सन अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या आषाढात, मिठागरं पावसापुरती निजलेली असताना, बाळकुम-ढोकाळीच्या चोवीस जणांना शिकवायला श्रीपाद टिपणीस ठाण्याहून रोज चालत येऊ लागला.

श्रीपादचं वय तिशीचं. पुण्यात यंत्रविद्या शिकलेला, मुंबईच्या एका गिरणीत बॉयलरपाशी सहा वर्षं काढलेला. ठाण्यात चरईला बिऱ्हाड, घरात बायको उत्तरा. साहेबाचा हुकूम त्याला तोंडपाठ होता: सहा महिन्यांत माणसं तयार झाली पाहिजेत. पौषात सरकारी तपासनीस येईल, एकेकाची परीक्षा घेईल, जो उतरेल त्याला आगवाल्याचा बिल्ला. माणसं कच्ची निघाली तर गावाची बोली फिटली; मग मुंबईची माणसं आणायला कंपनी मोकळी.

इंजिनघर असं तसं नव्हतं. सहा बॉयलर, एकेक आगगाडीच्या डब्याएवढा लांब. त्यांच्या वाफेवर दोन इंजिनं फिरायची होती, आणि त्या इंजिनांच्या जोरावर किनाऱ्यावरचे चार कारखाने. भरतीबरोबर कोळशाचे पडाव येत, ओहोटीला रिकामे होऊन चिखलात कलंडत. गावानं बॉयलरला बॉयलर कधी म्हटलंच नाही. गावाला तो बंब.

पहिल्या दिवशी चोवीस जण पत्र्याच्या छपराखाली उकिडवे बसले. श्रीपादनं नियमांचं छापील पुस्तक उघडलं नि विचारलं, "वाचता कुणाला येतं?"

कुणी हललं नाही. मग मागून पोपट बोलला. पोपट म्हणजे गावचा तोंडाळ. मयतालाही माणसं हसवील असा. "मास्तर, वाचनाराच पायजेल तं देवलातला बामन घ्या. त्याच्या हातान फावरा द्या, नि मंग गंमत बगा."

छपराखाली हशा पिकला. श्रीपादही हसला, पण पुस्तक हातात जड झालं. तेवढ्यात पुढे बसलेला एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस हळूच म्हणाला, "वाचाया येत नाय मास्तर. पन वाफ्यातलं पानी बगून सांगू, मीठ आज परंल का उद्या. ते येते."

हा दौलत. त्याच्या तळव्यांना मिठानं पडलेल्या भेगा होत्या, आणि बोलण्याआधी तो समोरच्या माणसाकडे अशी नजर लावी की जणू त्याच्यातही पाणी किती आहे ते पाहतोय.

त्या एका वाक्यानं श्रीपादला वाट सापडली. त्यानं पुस्तक मिटलं. "मग ऐका," तो म्हणाला, "हा बंब म्हणजे तुमचं मिठागरच आहे. तिथे वाफा, इथे लोखंडाचं पोट. तिथे खाडीचं पाणी, इथे टाकीचं. तिथे तुम्ही पाण्याची रेघ बघता, इथे ही काचेची नळी बघायची. वाफ्यातलं पाणी आटत आलं की तुम्ही काय करता?"

"उघाडी काढताव," चोवीस तोंडांतून आलं. "पानी घेताव."

"झालं. इथेही तेच. ही तोटी म्हणजे तुमची उघाडी."

माणसांच्या चेहऱ्यांवर उजेड आला. आपल्याला हे येतं, जन्मापासून येतं, असा उजेड. शिकवणाऱ्याला त्याहून गोड काही नसतं. श्रीपाद त्या संध्याकाळी ठाण्याला परतला तो गुणगुणत. वाटेतल्या शेतांत बेडूक ओरडत होते, त्याला तेही सुरात वाटले.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. कोळसा पातळ कसा पसरायचा, राख कशी ओढायची, पाळी सुरू होताच वाफेच्या जोरानं काचेची नळी फुंकून आत गाळ अडकलाय का ते कसं बघायचं, हे सगळं माणसं शिकली. मिठागरातल्या माणसाला ऊन अंगवळणी असतं, त्याला भट्टीची धग नवी नाही. पण आश्विनात एक बातमी आली: मुंबईत कुठल्याशा गिरणीचा बॉयलर फुटला, चार माणसं भाजून गेली. दुसऱ्या दिवशी तीन जण आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आणखी दोघे जायच्या बेतात. पोपटानं त्यांना कसंबसं अडवलं.

"तुमी गेलाव," पोपट म्हणाला, "तं परीक्षेला मना येकल्याला बसवतील. नि मी नापास झालो का गाव मना झोरेल."

त्या दिवशी शिकवायचा होता पुस्तकातला अकरावा नियम. *काचेच्या नळीत पाणी अजिबात दिसेनासं झालं, तर पाण्याची तोटी उघडू नये. आगीवर ओली राख टाकून ती दाबावी, आणि मिस्त्रीला हाक मारावी.* कारण तोवर बंबाच्या पोटातल्या, भट्टीच्या लोखंडी नळीचा माथा उघडा पडून लालभडक झालेला असतो. त्या तापल्या लोखंडावर पाणी गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती लोखंड फोडून वाट काढते.

श्रीपादनं पान उघडलं. समोर एकवीस भेदरलेले चेहरे. हा नियम सांगायचा म्हणजे फुटण्याचं नाव काढायचं. शिवाय आजवर सांगितलेलं सगळं उलटं करायचं: पाणी कमी तर सोडा, आणि फारच कमी तर सोडू नका. मिठागरात असं काही नव्हतंच. उद्या सांगू, त्यानं मनाशी म्हटलं, माणसं जरा निवळू देत. त्यानं पान उलटलं.

तो उद्या उगवला नाही. दिवाळी आली, एक-दोन नंबरचे बॉयलर पेटले, नवं काम निघालं. गेलेल्या तिघांच्या जागी दुसरे तिघे आले. अकरावा नियम पुस्तकात राहिला.

आणि त्याच सुमारास गाणं आलं.

दौलतची आई ठमाबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीआधी धवलारीण. तिनं गाणं धरल्याशिवाय हळद लागत नाही, देव मांडवात येत नाहीत. चार गावांची लग्नं तिच्या गळ्यातून लागलेली. दौलत रात्री घरी बसून नियम घोकायचा आणि मधेच अडायचा, ते ऐकून एकदा ती म्हणाली, "अरं, आसं तोरून तोरून काय बोलतंस? देवाला मान देतान तशी येकामांगं येक मांड." आणि दळता दळता तिनंच ते बांधलं. दौलतनं ते कामावर म्हणून दाखवलं, तेव्हा सगळी माणसं खोरी थांबवून ऐकत राहिली.

*पयला मान देऊ काचंच्या नलीला,*
*पान्याची रेघ गो दिसू दे डोल्याला.*
*दुसरा मान देऊ तोटीच्या उघारीला,*
*पानी आटलं तं सोर रं घरीला.*
*तिसरा मान देऊ निखाऱ्या राजाला,*
*पसर पातल, येऊ नको माजाला.*

घरीला म्हणजे त्याच घडीला. श्रीपादनं ते गाणं सगळ्यांना पाठ करायला लावलं. साहेब एकदा फिरत आला, त्यानं माणसं तालावर कोळसा मारताना पाहिली नि श्रीपादच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या मानाची दुसरी ओळ आली की श्रीपादच्या मनात काहीतरी टोचे. पण सूर इतका सुंदर होता, की टोचलेलं तो विसरून जाई.

*

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पाळी बदलताना, दौलत एक नंबरच्या बॉयलरपाशी उभा राहिला. आधीच्या पाळीत नळी फुंकली गेली नव्हती. नळीच्या खालच्या तोंडाशी गाळ बसला होता, म्हणून काचेत पाणी अर्ध्यावर दिसत होतं. पण ते नुसतं अडकून राहिलेलं पाणी. दौलतनं शिकवल्याप्रमाणे नळी फुंकली. पाणी गेलं, आणि परत आलंच नाही. काच कोरडी.

पुढचं पोपटानं सांगितलं. तो वीस पावलांवर कोळशाची पाटी भरत होता. दौलत ओरडला, "पोपट, मांगं हो! पानी गेलं!" त्याला पळता आलं असतं. दार उघडं होतं, बाहेर ऊन पडलं होतं. पण तो दाराकडे गेला नाही. तो तोटीकडे गेला.

भट्टीची नळी आतून फाटली. भट्टीचं दार, विस्तव आणि उकळती वाफ एकदम बाहेर आली. श्रीपाद दुसऱ्या टोकाहून धावत पोचेपर्यंत दौलत संपला होता. त्याचा उजवा हात मात्र भाजला नव्हता. तो तोटीवर तसाच होता, आणि तोटी पूर्ण उघडलेली होती. जशी शिकवली होती तशी, शेवटच्या आट्यापर्यंत.

दौलतला गावानं खाडीच्या बाजूच्या स्मशानात नेलं. त्याची बायको शेवंती दारात बसून होती, तिला रडूही येत नव्हतं. ठमाबाईच्या तोंडून शब्द निघाला नाही. मरणाघरीही जिचा हेल थांबत नसे, ती बाई मुकी होऊन बसली.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत हेडक्लार्क प्रभाकरपंतांनी श्रीपादला बाजूला घेतलं. प्रभाकरपंत कल्याणचे, वयानं वडील, तपकीर ओढताना अर्धं बोलणं डोळ्यांनी करणारे.

"साहेबांचा अहवाल तयार होतोय," ते म्हणाले. "आगवाल्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात. कोरड्या बॉयलरात पाणी सोडलं. इथल्या माणसांना या कामाची समज नाही, ती येणारही नाही, सबब तेवीस जणांना कमी करून मुंबईची माणसं आणावी. सोमवारी चौकशी आहे, तुम्हाला फक्त 'होय' म्हणायचंय."

"पंत, हलगर्जीपणा नव्हता तो."

"अहो टिपणीस, होता की नव्हता हे विचारतंय कोण?" पंतांनी रुमालानं नाक पुसलं. "मेलेल्या माणसाला नोकरी लागत नाही आणि जातही नाही. तुमची मात्र जाईल. आधी आपलं छप्पर शाकारावं, मग गावाचं."

श्रीपाद तसाच बॉयलरखोलीत गेला. दोन नंबरचा बॉयलर चालू होता. त्याच्यापुढे गोविंदा उभा होता, वीस-बावीसचा, लग्न ठरलेला. खोरं मारता मारता तो स्वतःशीच गुणगुणत होता. आणि श्रीपादच्या कानावर आलं:

*पानी आटलं तं सोर रं घरीला...*

"गप्प!" तो ओरडला. असा तो आजवर कधी ओरडला नव्हता. गोविंदाच्या हातचं खोरं खाली पडलं.

मग श्रीपादनं त्याला जवळ घेतलं आणि काचेच्या नळीपाशी उभं करून अकरावा नियम सांगितला. मिठागराला ऊन वरून तापवतं, खालची माती गार असते. म्हणून तिथे पाणी कधीही घ्या, कुणाचं काही बिघडत नाही. बंबाला आग खालून आहे. पाणी गेलं की खालचं लोखंड उघडं पडतं. तेव्हा पाणी नाही, राख. ओली राख टाकायची, नि मागे सरायचं.

गोविंदानं सगळं ऐकलं. दोनदा म्हणून दाखवलं. मग त्यानं सरळ विचारलं, "मास्तर, दौलतदादाला हे ठाव व्हतं?"

भट्टी घुमत होती. श्रीपादनं तोंड उघडलं. खोटं अगदी ओठांवर होतं, एक शब्दाचं, सोपं. पण ते बाहेर आलं नाही, आणि खरंही आलं नाही. गोविंदानं वाट पाहिली, मग खाली वाकून खोरं उचललं. पुन्हा वर बघितलं नाही.

घरी उत्तरानं ताट वाढलं. तो नुसता भात चिवडत राहिला. तिनं कारण विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, पान उलटलं ते, गाणं, गोविंदाचा प्रश्न.

उत्तरा म्हणाली, "त्या माऊलीला कुणी सांगितलंय का, तिचा मुलगा चुकला नाही म्हणून?"

"नाही."

"मग आधी तिथे जा. कचेरीचं नंतर."

*

पाचव्या दिवशी सकाळी श्रीपाद बाळकुमला ठमाबाईच्या दारी गेला. सुतकाचं घर. अंगणात वाळत घातलेली सुकट कुणी उचलली नव्हती, कावळे ती टिपत होते. शेवंतीनं ओटीवर चटई टाकली आणि आत गेली, पण दाराआडच थांबली. तिच्या पातळाचा काठ चौकटीशी दिसत होता. ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. केस पांढरे, कपाळ रुंद, दौलतसारखीच समोरच्याचं पाणी मोजणारी नजर.

"बस मास्तर," ती म्हणाली. दुःखात असली तरी घरी आलेल्याला बस म्हणायचं ती विसरली नाही.

श्रीपाद बसला. वाटभर जुळवून आणलेले शब्द एकेक करून गळाले. शेवटी उरलं ते त्यानं सांगून टाकलं. "ठमाबाई, दौलत चुकला नाही. त्यानं मी शिकवलं तेच केलं. काच कोरडी झाली तर पाणी सोडायचं नसतं, हे पुस्तकात होतं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. माणसं भिऊन पळतील म्हणून मी ते पान उलटलं."

कावळा सुकटीनं चोच भरून उडाला. मग ठमाबाईचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ, आणि श्रीपादला कळलं ती काय म्हणतेय. पहिला मान. पाण्याची रेघ. दुसरा मान. तिथे ओठ थांबले.

"ती ओल," ती म्हणाली. "ती मीच बांदली."

"मी सांगितलं म्हणून बांधलीत तुम्ही."

"बांदली तं मी." तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "मना चार गावची मानसं बोलतात, ठमाबाय, तुज्या तोंरचा सबुद खाली परत नाय. नाय परला रं. माज्या पोरानं बी खाली परू दिला नाय."

दाराआडून शेवंतीचा हुंदका फुटला. पाच दिवसांतला पहिला. श्रीपादनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडत होतं, आणि जमीन ते शोषून घेत होती.

"मला क्षमा..." त्यानं सुरुवात केली.

"ते नको." ठमाबाईचा आवाज एकाएकी कोरडा झाला. "मना सांगून तुजं मन हलकं झालं आसंल. होऊंदे. पन गावान काय बोलतात ठाव हाय तुना? दौलत ताडी पिऊन गेलता बोलतात. कंपनीची मानसं बोलतात, नि आपली बी मानसं बोलाया लागलीत. तेवीस घरांच्या बायका मना बगून तोंरावर पदर वरतान, का तुज्या पोरापायी आमच्या दादल्यांचं काम जातंय." ती पुढे झुकली. "हितं माज्या ओटीवर बोलतंस ते तितं बोल. साहेबापुरं बोल. माज्या पोराचं नाव सोरव."

"बोलेन," श्रीपाद म्हणाला.

"नि ते गानं?"

"ते बंद करायला हवं."

"मीच करतंय बंद. आजच. तुजं काम नाय ते." ती भिंतीचा आधार घेत उठली. "धवलारनीनं बांदलेलं धवलारनीनंच सोरवाचं आसते."

श्रीपाद परत फिरला, तेव्हा ती एकेका घरापुढे उभी राहत होती. काय सांगत होती ते त्याला ऐकू आलं नाही. पण प्रत्येक दारात माणूस बाहेर येई, ऐके, आणि डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेई.

*

सोमवारी कचेरीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत साहेब, एका बाजूला मुंबईहून आलेला कंपनीचा दुसरा गोरा, दुसऱ्या बाजूला लेखणी घेऊन प्रभाकरपंत. दाराबाहेर तेवीस माणसं उभी. पोपटही त्यात होता, आणि आज त्याच्या तोंडी एकही थट्टा नव्हती.

साहेबानं अहवाल वाचला आणि विचारलं, "हे बरोबर आहे ना, टिपणीस?"

"नाही साहेब."

पंतांची लेखणी थांबली.

श्रीपादनं नियमांचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि अकरावा नियम उघडला. ते पान बाकीच्या पानांपेक्षा पांढरं होतं. बाकीच्यांवर कोळशाच्या बोटांचे ठसे होते, त्याच्यावर एकही नव्हता. "हे मी शिकवलं नाही," तो म्हणाला. "चोवीस जणांतल्या एकालाही नाही. आणि जे शिकवलं, ते मिठागराची उपमा देऊन शिकवलं. पाणी आटलं तर सोडा. माणसं इथली होती म्हणून अपघात झाला नाही. मिठागरातल्या माणसाला पुरतं न सांगता मी आगीपुढे उभं केलं, म्हणून झाला."

"त्यानं नळी तपासली नसेल," दुसरा गोरा म्हणाला.

"त्यानंच तपासली, साहेब. आधीच्या पाळीत तपासली नव्हती. त्यानं तपासली नसती, तर काचेत पाणी दिसतच राहिलं असतं, आणि बंब आणखी तापून फुटला असता. तेव्हा खोलीत अकरा माणसं होती."

साहेबानं ते पांढरं पान आपल्याकडे ओढून वाचलं. मग त्यानं विचारलं, "हे लिहून दिलंत तर तुमचं काय होईल, ठाऊक आहे?"

"होय."

"आणि तरी?"

"साहेब, ही तेवीस माणसं शिकण्यासारखी आहेत. शिकलेली आहेत. फक्त एक नियम कमी शिकलीत. तो मी गेल्या चार दिवसांत सगळ्यांना शिकवला. बाहेर उभी आहेत. विचारून पाहा."

साहेबानं गोविंदाला आत बोलावलं. काच कोरडी दिसली तर काय करशील? गोविंदानं श्रीपादकडे पाहिलं नाही. त्यानं साहेबाच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "राख टाकीन. वली राख. नि मांगं सरून मिस्त्रीला हाक मारीन. पानी नाय सोरनार." थोडं थांबून तो म्हणाला, "मेलो तरी नाय सोरनार." दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, एकाच धीम्या आवाजात, न गाता.

संध्याकाळपर्यंत अहवाल दुसऱ्यांदा लिहिला गेला. तेवीस जण राहिले. त्यांची परीक्षा एक महिना पुढे गेली आणि शिकवायला मुंबईहून दुसरा मिस्त्री यायचा ठरला. श्रीपादला महिनाअखेरीस कामावरून मोकळं केलं. पंतांनी अहवालाची नक्कल त्याच्या हातात ठेवली. तपकिरीची डबी उघडली, मिटली, आणि म्हणाले, "इंग्रजी आहे. गावाला कळायचं नाही."

"मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकीच्या चौकात माणसं जमली. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. शेवंती सासूच्या मागे, पदरानं तोंड झाकून. ठमाबाई सगळ्यांच्या पुढे, जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसली होती. देवापुढे बसते तशी.

श्रीपाद उभा राहून वाचू लागला. कागदावरचं इंग्रजी डोळ्यांपुढे आणि तोंडी मराठी. मधेमधे अडखळत, योग्य शब्द शोधत. बॉयलरचा नंबर, तारीख, वेळ. मग ती ओळ आली.

"दौलत राघो पाटील, आगवाला, वय एकतीस," तो वाचू लागला, "याच्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही. त्यानं पाळी सुरू होताच नियमाप्रमाणे तपासणी केली. धोका ओळखून त्यानं सोबत्याला दूर केलं. त्यानंतर त्याला जसं शिकवलं गेलं होतं, तसंच त्यानं केलं. शिक्षण अपुरं होतं. दोष शिकवणाऱ्याचा आहे."

खाडीवरून वारा येत होता, कागद फडफडत होता. तेवीस घरांतल्या बायकांपैकी एकीनं हळूच पुढे होऊन शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवला.

ठमाबाईनं डोळे मिटले होते. ते तिनं उघडले आणि श्रीपादकडे पाहिलं. त्या नजरेत क्षमा होती असं त्याला वाटलं नाही, आणि राग होता असंही नाही. लग्नात एखादा देव मांडवात यायला उशीर करतो, तेव्हा ती त्याची वाट पाहत बसे, तशी ती बसली होती.

"परत वाच," ती म्हणाली. "त्याच्या नावापासनं."

श्रीपादनं कागद सरळ धरला आणि पुन्हा सुरुवात केली. "दौलत राघो पाटील..."